नाव न घेण्याचा ठराव

बोरी. चैत्र शुद्ध ३, शके १८६८

लोकहक्क मंडळाच्या बोरी शाखेचा चिटणीस म्हणून आज माझी निवड झाली. दुसरे नाव पुढे आले नाही. अध्यक्ष दिनकरराव. गावातली बरीच काळी जमीन त्यांची आहे, आणि बैठकीला पुरेल एवढी ओसरीही त्यांचीच आहे.

मंडळाचे कामकाज मंडळाच्या दप्तरात राहील. येथे मला जे वाटते ते लिहीन.

गावात आणखी दोन पक्ष आहेत. एक मशिदीपाशी बसतो, दुसरा मारुतीच्या पारावर. दोघांनाही धर्म आणि जात यांखेरीज बोलायला विषय नाही. हैदराबादला कॉलेजात होतो तेव्हा तिथेही हेच ऐकले. निजामसरकारने जबाबदार राज्यपद्धती द्यावी, एवढेच साधे बोलणारा एखादा पक्ष असावा. तो आमचा असेल.

मळ्यात मोट सुरू केली. विहिरीला पाणी चांगले आहे.

चैत्र शुद्ध १०

पहिली बैठक. चार सभासद जमले की बैठक भरली, असे मी सर्वांना सांगितले. मी ठराव मांडला : मंडळाच्या बैठकीत कोणीही कोणत्याही जातीचे नाव घेऊ नये, घेतल्यास त्याने बैठक संपेपर्यंत गप्प बसावे. दिनकररावांना तो फार आवडला. ते म्हणाले, "शिकलेल्या माणसाचं हेच असतं. एका वाक्यात भांडण मिटवलं."

नवे सभासद मुंजाजी आणि धोंडीबा. मुंजाजी परभणीच्या जिनिंगमध्ये होता, हंगाम संपला म्हणून परत आला. मंडळात सर्वांना राव म्हणायचे असे ठरल्यामुळे यापुढे मुंजाजीराव लिहीन. दोघेही ओसरीवर आले नाहीत. अंगणात लिंबाखाली बसले. तिथे सावली चांगली आहे.

मुंजाजीरावांनी विचारले, "ह्यो ठराव समद्यालाच लागू का आमालाच?"

मी म्हणालो, "सर्वांना."

"मंग चांगलं हाय," म्हणून त्यांनी हात वर केला. ठराव एकमताने मंजूर.

चहा झाला. लिंबाखाली तो पोहोचला की नाही, ते माझ्या लक्षात आले नाही.

चैत्र वद्य २

पुढच्या सभांच्या परवानगीसाठी अमीनसाहेबांकडे जाऊन आलो. त्यांनी ठराव वाचून घेतला. म्हणाले, "ये अच्छा करे तुम लोगां. जलसे में किसी की जात नै निकलना, किसी का मजहब नै निकलना. निकला तो जलसा बंद."

सरकारी पोलिसाचे आणि आमचे धोरण एका ठिकाणी जुळावे याचे प्रथम आश्चर्य वाटले. मग वाटले, योग्य गोष्ट कोणालाही पटते.

चैत्र वद्य ९

दुसरी बैठक. विषय सरकारला सक्तीने घालायच्या लेव्हीच्या ज्वारीचा होता. त्याआधी मुंजाजीराव उभे राहिले आणि म्हणाले, "म्हारवाड्यातली हीर आटली—"

दिनकररावांनी बोट वर केले.

मुंजाजीराव म्हणाले, "म्या जातीचं नाव कुटं घेतलं? वाड्याचं घेतलं."

यावर बराच वेळ चर्चा झाली. किशनराव, म्हणजे दिनकररावांचे कारभारी, म्हणाले की जागेचे नाव ते जागेचे नाव. दिनकरराव म्हणाले, जागेला ते नाव पडले कशावरून? शेवटी निर्णय माझ्यावर आला. शब्दात शब्द आहे, तो बाहेर काढता येत नाही. मी तसे सांगितले. मुंजाजीराव बसले आणि शेवटपर्यंत बोलले नाहीत. नियम पाळण्यात ते पक्के आहेत.

बैठकीनंतर त्यांनी मला वाटेत गाठले. "मंग म्या ऱ्हातो कुटं, त्ये तरी सांगा."

मी 'पूर्वेकडची वस्ती' असे सुचवले.

"पूर्वेला तर तुमचा मळा बी हाय."

हे खरे आहे. गाव आणि त्यांची वस्ती यांच्यामध्ये आमचा मळा येतो. मी म्हणालो, संदर्भाने कळेल.

"हिरीत नुस्ता चिखल ऱ्हायलाय, बन्सीधरराव. बाया वड्याला जायल्यात. वाळूत झिरे उकरायच्या आन् वाटी वाटीनं घागर भरायची."

मी त्यांना प्रश्न पुढच्या बैठकीत रीतसर मांडायला सांगितले.

वैशाख शुद्ध २

फार ऊन. आमचा गडी दत्तराव पहाटेपासून मोट हाकतो. उसाला पाणी पुरून उरते. उरलेले बांधावरून वाया जाते. पाट नीट करायला सांगितला.

सौ. मळ्यात न्याहारी घेऊन गेली होती. आल्यावर म्हणाली, "मुंजाजीची धुरपता आपल्या बांधावरून ओढ्याला जाते. दिवस भरत आलेत तिचे. डोक्यावर घागर घेऊन येते."

मी म्हणालो, "तो प्रश्न मंडळापुढे आहे."

"मंडळाची विहीर आहे का कुठं?"

मी म्हणालो, मंडळाची विहीर कशी असेल? सौ. भाकऱ्या करायला गेली. तिला संस्था म्हणजे काय ते अजून समजावून सांगायला हवे.

वैशाख शुद्ध ७

तिसरी बैठक. मुंजाजीराव या वेळी तयारी करून आले होते. म्हणाले, "पूर्वेकडच्या वस्तीतली हीर आटली. मंडळानं आमाला गावच्या बारवंवर पानी भरू द्यावं."

दिनकरराव म्हणाले, "बारवेवर भरायला कोणी अडवलंय?"

"अडवत्यात."

"कोणाला?"

"आमाला."

"आमाला म्हणजे कोणाला?"

मुंजाजीराव माझ्याकडे पाहू लागले. मी कागदाकडे पाहत होतो.

"पूर्वेकडं ऱ्हानाऱ्या सभासदाला," ते म्हणाले.

किशनराव हसले. दिनकरराव म्हणाले, "पूर्वेकडं बन्सीधरचाही मळा आहे. त्याला कोणी अडवलं नाही. का रे?"

मी म्हणालो, नाही.

"मग पूर्वेकडं राहतात म्हणून अडवतात, हे काही खरं नाही. दुसरं कारण असेल तर सांगा."

दुसरे कारण ठरावामुळे सांगता येत नव्हते. धोंडीबांनी तोंड उघडले होते, पण मुंजाजीरावांनी त्यांचा गुडघा दाबला. मग दिनकररावांच्या सांगण्यावरून मी नोंद केली : 'गावच्या बारवेवर कोणासही अडवले जात असल्याचे निष्पन्न झाले नाही.' वाक्य चांगले झाले आहे. फक्त 'निष्पन्न' येथे जरा जड वाटते.

बाहेर मुंजाजीराव भेटले. रागावलेले नव्हते. म्हणाले, "मशिदीपासचे आमाला म्हनायलेत नाव बदला. पारावरचे म्हनायलेत नाव बदलू नका. आन् तुमी म्हनायलाव नाव घेऊच नका. पान्याचं कुनीच काई बोलंना."

मी त्यांना म्हणालो की आपल्यातला आणि त्या दोन पक्षांतला फरक त्यांनी नेमका ओळखला आहे.

वैशाख शुद्ध १३

मुख्य कचेरीतले व्यंकटराव शाखा पाहायला येणार. ज्यांना गावात पाण्याची बंदी आहे अशांसाठी मंडळ या भागात एक विहीर खोदून देणार आहे. गाव ते ठरवतील.

म्हणजे मुख्य कचेरीलाही जातीवाचून सुचेनासे झाले. सगळ्यांना पाणी द्या म्हणावे, ते पुरे आहे. मला वाईट वाटले. पण आमची शाखा पाहून त्यांचे मत बदलेल.

वैशाख वद्य १

व्यंकटराव सकाळच्या सर्व्हिस मोटारीने आले. साधा माणूस, खादीचा सदरा, घामाने भिजलेला. अमीनसाहेबांचा शिपाई खुर्ची टाकून बसला आणि झोपला.

हारतुरे झाले. व्यंकटराव उभे राहिले. म्हणाले, "मी लांबण लावत नाही. मला प्रथम हे सांगा, या गावात महार-मांगांना पाणी—"

दिनकररावांनी हात जोडले. पाहुण्याला कसे सांगावे, असे सगळ्यांना झाले होते. शेवटी मी ठराव वाचून दाखवला.

व्यंकटराव माझ्याकडे पाहत राहिले. मग हसले, खाली बसले आणि ओठांवर बोट ठेवले. ते बैठक संपेपर्यंत खरोखरच एक अक्षर बोलले नाहीत. एवढा मोठा माणूस, पण शाखेचा नियम पाळला. माझे डोळे भरून आले.

मग मुंजाजीराव उठले. म्हणाले, "पावन्यानं हीर बगायला चलावं."

"चला की," दिनकरराव म्हणाले, "बारव दाखवू."

"बारव न्हाई. आमची."

"मुंजाजीराव, मंडळात आमची-तुमची असं काही नाही."

बैठक उठली ती बारवेवरच गेली. पाणी वरच्या पायऱ्यांपर्यंत आहे. व्यंकटरावांनी हात-पाय धुतले आणि पोटभर पाणी प्यायले. किशनरावांनी त्यांना मंडळाची नोंद दाखवली. ती वाचून ते म्हणाले, "कोणालाही अडवत नाहीत? उत्तम. प्रत्येक शाखा अशी असती तर मला हिंडावं लागलं नसतं."

मुंजाजीराव आणि धोंडीबा बारवेपासून दूर, रस्त्याच्या पलीकडे उभे होते. मी त्यांना हाताने जवळ बोलावले. ते आले नाहीत. गर्दी होती.

वैशाख वद्य ५

विहीर झरी गावाला मिळाली. व्यंकटराव परतताना तिथे उतरले, आणि तिथल्या लोकांनी जातीची नावे घेऊन पुष्कळ आरडाओरड केली म्हणतात.

मुंजाजीराव बांधावर भेटले. मी त्यांना समजावले की विहीर न मिळणे हे एका अर्थी आपल्या गावाला मिळालेले प्रशस्तिपत्र आहे.

ते म्हणाले, "व्हय." मग म्हणाले, "धुरपता पडली काल वड्याच्या वाटंला. घागर फुटली."

"तिला लागलं का?"

"ती बरी हाय. पोटातलं बी हालायलंय. घागर गेली."

मोटेचा आवाज येत होता. दत्तराव हल्ली बैलांना नीट गाणे म्हणत नाही.

वैशाख वद्य ८

आज जे झाले ते जसे झाले तसे लिहितो.

दुपारी दत्तरावाची हाक आली. मळ्यात गेलो. मोट थांबलेली होती. थारोळ्यापाशी, जिथे मोटेचे पाणी पडते तिथे, पूर्वेकडच्या वस्तीतल्या बाया घागरी घेऊन उभ्या होत्या. पुढे मुंजाजीराव आणि धोंडीबा.

"रामराम, बन्सीधरराव."

"रामराम. काय आहे?"

"पानी भरायलाव."

"ही विहीर खासगी आहे."

"व्हय, तुमचीच हाय. दगडाबाई रोज नेती की हितून. काल बी नेलं."

दगडाबाई आमच्या शेजारच्या. स्वतःचे भरताना आमच्या घरचेही पाणी आणून देतात. मी म्हणालो, "दगडाबाईंची गोष्ट वेगळी."

"कामून वेगळी?"

मी शब्द शोधू लागलो. पूर्वेकडच्या म्हणावे तर मळाही पूर्वेकडचा. सभासद नाहीत म्हणावे तर दगडाबाईही सभासद नाहीत, आणि हे दोघे आहेत. परक्या म्हणावे तर माझ्या वडिलांच्या वेळेपासून या बायांनी आमच्या शेतात खुरपले आहे. मी मराठी शिकलो, पण नाव टाळणारा शब्द सापडेना. ते थांबले होते. कोणी घाई करत नव्हते.

धुरपताबाईंनी उसनी आणलेली घागर खाली ठेवली आणि कमरेवर हात दिला. "सांगा की, बाप्पा. ऊन लय झालं."

मी म्हणालो, "तुम्ही महार आहात."

धुरपताबाई नवऱ्याकडे वळून म्हणाल्या, "नाव घेतल्यावर गप बसायचं असतं ना वं तुमच्यात?"

मुंजाजीराव ओशाळले. "तसा ठराव हाय खरा," ते म्हणाले.

मी म्हणालो, "तो बैठकीपुरता आहे."

धोंडीबा म्हणाले, "चौघं असले की बैठक भरती, आसं तुमीच बोलले व्हते. तुमी, ह्यो, मी. आन् दत्तराव."

दत्तरावाला मीच सभासद केले होते. त्याने माझ्याकडे पाहिले आणि मान खाली घातली.

ठराव मी मांडलेला. पाहुण्यालासुद्धा मी तो लावला. मी बैलांच्या धावेच्या कडेला दगडावर बसलो आणि गप्प राहिलो.

दत्तराव थोडा वेळ थांबला. थांब म्हणणारा कोणी नव्हता, म्हणून त्याने बैल हाकले. मोट वर आली. बाया एकामागून एक भरून गेल्या. जाताना प्रत्येकजणी मला रामराम करत होती आणि मला परत करता येत नव्हता.

वैशाख वद्य १०

विहीर बाटली असे गाव म्हणते. आईने तिचे पाणी सोडले. दगडाबाई येत नाहीत. पूर्वेकडच्या बाया रोज येतात.

दिनकररावांनी बोलावले. प्रेमाने बोलले. "बन्सीधर, मळ्याच्या वाटेवर बाभळीच्या काट्या लाव. भटजींना बोलावून विहिरीची शांत कर. चार दिवसांत लोक विसरतील."

मी म्हणालो, मला विचार करू द्या.

"विचार कसला? जातीचं तू काढलंस. इतके दिवस गावात काही प्रश्न होता का? तुझ्या तोंडून नाव निघालं आणि प्रश्न निघाला."

क्रम तसाच आहे हे मला नाकारता आले नाही.

घरी येऊन दत्तरावाला काट्या लावायला सांगितले. त्याने लावल्या.

वैशाख वद्य ११

वाटेवर काट्या नाहीत. सौ.ला विचारले. ती म्हणाली, "जळणाला गेल्या."

"आपल्या चुलीत?"

"नाही."

पुढे विचारले नाही. दत्तराव म्हणत होता, धुरपताबाई पहाटे बाळंत झाली. मुलगी.

काट्या पुन्हा लावायला सांगायचे राहून गेले.

वैशाख वद्य १४

बैठक. चिटणिसाने गावात जातीचा प्रश्न निर्माण केला, सबब त्याला दूर करावे, असा ठराव किशनरावांनी मांडला. प्रश्न कोणता, हे त्यांना सांगता येईना. सांगायला नाव घ्यावे लागले असते. कोणी विचारलेही नाही. मी तटस्थ राहिलो. विरुद्ध दोन हात होते, दोन्ही लिंबाखालचे.

नोंद मलाच करायची होती. केली. नवे चिटणीस किशनराव.

मशिदीपासच्या पक्षाने बोलावले आहे. पारावरच्यांनीही. दोघेही म्हणतात, आता तुम्हाला कळले असेल. काय कळले ते दोघांनी वेगवेगळे सांगितले.

ज्येष्ठ शुद्ध २

दत्तराव कालपासून येत नाही. त्याच्या घरच्यांनी त्याला सोडले नाही. बैल धोंडीबा हाकतात.

सकाळी किशनराव काट्यांची गाडी घेऊन मळ्यात आले. दिनकररावांनी पाठवली होती. आज वाट नाही, थारोळेच बुजवायचे होते. मी आंब्याखाली होतो.

थारोळ्यापाशी बायांची रांग होती. डोक्यावर पदर, आमच्याकडे पाठ. सौ. त्यांच्यात होती. दगडाबाई पाणी आणून देत नाहीत तेव्हापासून ती आमचे पाणी स्वतःच भरते.

किशनराव म्हणाले, "बायांना बाजूला व्हायला सांगा. गाडी खाली करायची हाय."

मी म्हणालो, "कोणत्या बायांना?"

"त्या... तिकडच्यांना."

"सगळ्या तिकडेच उभ्या आहेत."

"तसं न्हाई हो." त्यांनी आवाज उतरवला. "घरची मानसं सोडून. तुमच्या बाईसाहेब आसतील त्यात, त्यांना बोट लावू का मी? कोन कोन हाय, तेवढं दाखवा. बाकीच्यांचं मी बगतो."

धोंडीबांनी बैल थांबवले होते. रांगेत कोणी मागे वळून पाहिले नाही.

मी म्हणालो, मला दाखवता येणार नाही. पाठमोऱ्या सगळ्या सारख्याच दिसतात.

किशनरावांनी गाडी वळवली. म्हणाले, उद्या परत येईन. मी म्हणालो, उद्याही मी इथेच असेन आणि उद्याही मला ओळखता येणार नाही.

मी बोललो ते खरे नव्हते. मला प्रत्येक ओळखू येत होती.